आगीत ‘काडतुसांचा स्फोट’ झालाच नव्हता

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या जिल्ह्याच्या पानावर आमच्या वाडीतल्या आगीची बातमी आली. वर ठळक अक्षरात ‘आगीत काडतुसांचा स्फोट, घर भस्मसात’ आणि खाली चार ओळी. वाचून दोन दिवस गप्प बसलो, मग म्हटलं लिहूनच टाकू, कारण ती आग लागली तेव्हा मी तिथे होतो, पहिल्या घागरीपासून दुसऱ्या दिवशी सकाळी राख उपसेपर्यंत होतो, आणि तिथे काडतुसांचा स्फोट झाला नाही. घर काडतुसांनी जळलं नाही. काडतुसांच्या भीतीनं मात्र जे वाचवता आलं असतं ते पण गेलं. हे जरा सविस्तर सांगायचंय, पत्र लांबलं तर माझ्याबद्दलचं कापा पण बाकीचं छापा अशी हात जोडून विनंती आहे.

माझी ओळख एवढीच की मी पुण्याला खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली. १८६९ सालची फॅक्टरी, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया नावाच्या सरकारी कंपनीखाली गेली, पण आमच्यासाठी ती एएफकेच. माझ्या पदाचं नाव डेंजर बिल्डिंग वर्कर. गेटवर काडेपेटी, बिडी सगळं जमा करायचं, मोबाईल आले तसे ते पण, आत शिरताना दारातल्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचा म्हंजे अंगावरची वीज जमिनीत उतरते, अंगात सुती कपडे, पायात वेगळे बूट, आणि बिल्डिंगभोवती मातीचे बांध, एक उडाली तर शेजारची उडू नये म्हणून. टोप्या, दारू, पितळी केस, शिसं सगळं हाताखालून गेलंय. कशाला किती घाबरायचं हे तिथे पहिल्या महिन्यातच शिकवतात, ते अजून विसरलेलो नाही. रिटायर झाल्यावर गावी आलो, कुडाळ तालुक्यात.

आता आगीचं सांगतो. आमच्या शेजारचे आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे मुंबईला गेलेले, घरात काकी एकट्याच. आबांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, एकनळी बाराबोर. सिंधुदुर्गात अशा बंदुका खूप घरांत आहेत, माकडं नि रानडुक्कर भात, केळी, नारळ काही ठेवत नाहीत, निवडणूक आली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायची नि निकाल लागला की परत आणायची हे अंगवळणी पडलंय लोकांच्या. शिमग्याच्या आधीचा आठवडा, संध्याकाळी सातचा सुमार. चुलीवरच्या माळ्यावर सुकत टाकलेल्या लाकडांनी पेट घेतला, तिथून पेंढ्यानं. लाईट गेली म्हंजे विहिरीवरचा पंप पण बंद. तरी चाळीसेक माणसं जमली, घागरी, कळश्या, बादल्या जे हाताला लागेल ते घेऊन विहिरीपासून रांग लावली, आणि खरं सांगतो पहिली दहा मिनिटं आग आमच्या आवाक्यात होती. मग आतून आवाज आला, फट्. थोड्या वेळानं दोन एकदम. कोणीतरी ओरडलं, “गोळ्यो सुटतत, फुडे जाव नकात!” आणि रांग मोडली. बादल्या तिथेच टाकून सगळे पाणंदीत, गडग्याच्या म्हंजे दगडी कुंपणाच्या आड जाऊन बसले.

मी ओरडून सांगत होतो की ती कपाटातली काडतुसं आहेत, त्यांनी कोणाला काही होणार नाही, मागच्या बाजूनं गोठ्याकडे चला. पण रात्रीची वेळ, ज्वाळा, त्यात ते आवाज, कोण ऐकतंय. आणि एक गोष्ट मला पण नक्की माहीत नव्हती. मी काकींना विचारलं, बंदूक भरलेली हा काय? त्या म्हणाल्या, “माका काय ठावक, तेंनी जाताना खुंटीक लावल्यानी.” बंदूक ओटीवरच्या भिंतीला आडवी टांगलेली असायची, नळीचं तोंड खळ्याकडच्या खिडकीच्या बाजूला. म्हणून खळ्यातून मात्र मी स्वतःच कोणाला पुढे जाऊ दिलं नाही, एक पोरगा बादली घेऊन फणसाखाली उभा होता त्याला दंडाला धरून मागे ओढला. मी आणि वरच्या वाडीतला एकजण पोफळीतून फिरून गोठ्याकडे गेलो. पाडा सुटला. म्हशीचं दावं गाठीला आवळलेलं, कोयता आणेपर्यंत छप्पर खाली आलं. गाभण म्हस होती. तिचा आवाज अजून रात्री कानात येतो. दहा माणसं आली असती तर ती पाच मिनिटांत बाहेर असती, आणि ती दहा माणसं तीस हातांवर गडग्याच्या आड बसलेली होती, वाईट माणसं नव्हती ती, नुसती घाबरलेली होती.

फट् फट् करत ते आवाज पाच-सात मिनिटं चालले. नंतर एकदम वेगळा आवाज झाला, बार उडाल्यासारखा दणका, गडग्याआड बसलेल्यांच्या छातीत बसला. बंब तालुक्याहून यायला सव्वा तास लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख उपसताना मी मुद्दाम कपाटाची जागा शोधली. लाकडी कपाट होतं, त्यात पुठ्ठ्याच्या खोक्यात काडतुसं. पितळेची बुडं सापडली, मोजली, अठरा. काळी पडलेली, बहुतेकांच्या मधली टोपी उडून गेलेली, वरची प्लॅस्टिकची नळी अर्थातच जळालेली. आणि छर्रे? छर्रे तिथेच होते. हातभर जागेत शिसं वितळून सारवणात थापून बसलेलं, काही दाणे तर कडेला अजून गोलच्या गोल. कपाटामागची मातीची भिंत दीड हातावर होती, मी सगळीकडे हात फिरवून बघितली, एकही छर्रा तीत रुतलेला नव्हता. दोन टोप्या आणि एक बूड तेवढं पाच-सहा हात लांब उडालेलं सापडलं. 

मग बंदूक बघितली. दस्ता जळून गेलेला, नळी काळी, आत पुंगळी अडकलेली. म्हंजे आबांनी जाताना एक काडतूस आत ठेवलं होतं, एलजीचं म्हंजे मोठ्या छर्ऱ्यांचं, डुकरासाठी. खळ्याच्या पलीकडे वीस पावलांवर तो फणस, त्याच्या खोडात कमरेच्या उंचीवर पाच भोकं. काडेपेटीतली काडी एका भोकात घालून बघितली, अर्धी आत गेली. रात्री तो पोरगा नेमका तिथेच उभा होता.

संपादक साहेब, एकच घर, एकच आग, एकाच खोक्यातली काडतुसं. अठरा बाहेर होती त्यांनी मातीच्या भिंतीला ओरखडा काढला नाही, एक नळीत होतं त्यानं फणस फोडला. मला जे सांगायचंय ते एवढ्यात आलं, पण असं का होतं हे लोकांना कोणी नीट सांगत नाही म्हणून पुढचं लिहितोय.

काडतूस म्हंजे गोळी नाही. काडतुसात चार गोष्टी असतात, बाहेरची पुंगळी, तिच्या बुडात टोपी, आत दारू आणि तोंडावर गोळी किंवा बाराबोरात छर्रे. घोडा दाबला की टोपीवर ठोका बसतो, टोपी दारू पेटवते, दारूचा गॅस होतो, गॅस गोळीला ढकलतो. आता हे ढकलणं किती मोठं तर बघा. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड प्रेशर असतं, कारच्या टायरमध्ये ३०-३२. पोलिसांच्या ९ एमएम पिस्तुलात बार उडतो त्या क्षणी नळीच्या मागच्या खोबणीत ३५ हजार पौंडांच्या आसपास प्रेशर होतं, म्हंजे कुकरच्या दोन हजारपट. एवढं प्रेशर ती पातळ पितळी पुंगळी स्वतः सोसत नाही, तिच्या बापाला सोसणार नाही, ती फुगून चारी बाजूंनी पोलादाला टेकते आणि सोसतं ते पोलाद. गॅसला जायला एकच रस्ता उरतो, पुढे, गोळीच्या मागून, अख्खी नळी संपेपर्यंत.

हीच पुंगळी उघड्यावर पेटली तर तिला टेकायला काही नाही. प्रेशर जरा चढलं की ती उसवते किंवा टोपी मागे उडते किंवा गोळी तोंडातून निसटते, आणि गॅस पसरून गेला. आणि त्यातली खरी गोम अशी की ही बिनधुराची दारू प्रेशरखाली जोरात जळते, प्रेशर पडलं की तिचं जळणंच मंद होतं. ट्रेनिंगला आम्हाला चिमूटभर दारू फरशीवर ओळीनं पसरून पेटवून दाखवली होती, सुर्र करत पिवळी ज्योत या टोकापासून त्या टोकाला गेली, बस, ना आवाज ना धक्का. नवीन लागलेली आम्ही सगळी पोरं दोन पावलं मागे सरून उभी होतो नि साहेब तिथेच हाताची घडी घालून उभे.

अजून एक साधा हिशेब आहे. ९ एमएमची गोळी साडेसात ग्रॅमच्या आसपास, रिकामी पुंगळी चारेक ग्रॅम. दोघांना एकमेकांपासून ढकललं तर जे हलकं ते लांब जाणार, म्हणून उघड्यावर पेटलेल्या काडतुसात गोळी जवळच पडते आणि उडते ती पुंगळी, पितळेचा तुकडा, नाहीतर टोपी. बंदुकीत पुंगळीला मागे सरायला जागाच नसते म्हणून सगळा जोर गोळीला मिळतो. आमच्या अठरा बुडांचं पण तेच, छर्रे जड, ते जागेवर राहिले.

अमेरिकेत काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं फायर ब्रिगेडच्या माणसांसाठी म्हणून याच्या चाचण्याच घेतल्यात, खोकीच्या खोकी लाकडांच्या आगीत जाळली, उंचावरून टाकली, बुलडोझरखाली चिरडली. सगळी एकदम उडाली असं कशातच झालं नाही, एकेक करत फुटत राहिली, आणि उडालेले तुकडे फायरमनचा नेहमीचा जाड कोट आणि तोंडावरची काच अडवू शकली. जहाजानं, विमानानं माल पाठवताना यूएनचं जे वर्गीकरण लावतात त्यात पण नीट पॅक केलेली ही साधी काडतुसं १.४ एस मध्ये येतात, म्हंजे काही झालं तरी परिणाम खोक्याच्या आसपास राहतो अशी. बॉम्ब, सुरुंग हे १.१ मध्ये, म्हंजे एक उडालं की सगळा ढीग एकदम उडणार. या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आपल्याकडे बातमीत दोघांनाही एकच शब्द, स्फोटकं.

याचा अर्थ काडतुसं म्हंजे खेळणं असं कोणी समजू नका, ते मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पुण्याला आमच्या चाळीत एक सातवीतला पोरगा होता, त्याला कुठूनतरी एक काडतूस सापडलं, घरच्यांना न सांगता दगडावर ठेवून हातोडीनं ठोकलं. गोळी हातभर सुद्धा गेली नाही, तिथेच दगडाशी सापडली. पण पितळेची नखाएवढी कपची डाव्या डोळ्यात गेली. डोळा राहिला, नजर गेली. त्याची आई रोज संध्याकाळी त्याला औषध घालायला गॅलरीत उजेडात घेऊन बसायची, आम्ही ड्युटीवरून येताना दिसायचे दोघं, मी कितीदा तरी मान खाली घालून गेलोय. तेव्हा जवळ असाल तर डोळा जाईल, हात फाटेल, चेहऱ्यावर चिरा पडतील, हे सगळं खरं आहे. एनसीसीतल्या पोरांना माहीत असलेलं पॉइंट टू टू रायफलचं काडतूस तर अजून नाजूक, त्याची टोपी वेगळी नसते, बुडाच्या कडेतच मसाला भरलेला असतो, कडेला कुठेही ठोका बसला की पेटू शकतं.

ठोक्याचं झालं, आता तापण्याचं. दारू पेटायला साधारण दीडशे ते दोनशे अंश लागतात, काडतुसाप्रमाणे कमीजास्त. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात बंद कार साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते, तेवढ्यानं काडतूस उडत नाही, तरी ठेवू नये, दारू खराब होते. चुलीत, शेकोटीत, कचऱ्यात जाळायला टाकलं तर मात्र उडणारच, आणि शेकोटीभोवती माणसं उकिडवी बसलेली असतात, तोंडं जवळ असतात.

आमच्या कोकणात अजून एक गोष्ट आहे ती ठासणीच्या बंदुकीची. तिची दारू वेगळी, काळी दारू. ती प्रेशरची वाट बघत नाही, उघड्यावर ढीग पेटला तरी भस्सकन एका झटक्यात जाते, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात असली तर तो डबाच बॉम्ब. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात काळी दारू भरून चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली मी दोन घरांत स्वतः बघितलीय, ओरडलो, काढायला लावली. बाराबोरची काडतुसं सुद्धा घट्ट बंद होणाऱ्या जाड लोखंडी डब्यात ठेवू नका, गॅसला बाहेर पडायला वाट नसली की डबा फुटतो, पुठ्ठ्याचं मूळ खोकं आणि कुलुपाचं लाकडी कपाट बरं. आणि बंदूक भरून भिंतीला लावायची नाही. नाहीच. आबांना मी फोनवर फणसाचं सांगितलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “त्या पोराक काय झाला असता तर मी जगलंय नसतंय.” त्यांची चूक त्यांना कळलीय, ती मी झाकत नाही.

आता मोठ्या दारूगोळ्याचं. आपल्या भाषेत दारूगोळा या एका शब्दात बाराबोरच्या काडतुसापासून विमानातून टाकायच्या बॉम्बपर्यंत सगळं येतं आणि तिथेच घोटाळा होतो. तोफेचा गोळा, हातबॉम्ब, सुरुंग यांच्या आतच टीएनटीसारखं स्फोटक भरलेलं असतं, त्याला नळी लागत नाही, बंदूक लागत नाही, ते जिथे आहे तिथेच सगळ्या ताकदीनं फुटतं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोटीत हेच झालं. बोटीत सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्याच बोटीत कापसाच्या हजारो गासड्या आणि सोन्याच्या विटा पण. दुपारी कापसानं पेट घेतला, फायर ब्रिगेडची माणसं पाणी मारत राहिली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं गेली, मुंबई फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले, अजून १४ एप्रिलला त्यांच्या आठवणीत देशभर अग्निशमन दिवस पाळतात. बोटीवर स्फोटकांचा लाल बावटा सुद्धा लावलेला नव्हता. त्या माणसांना आत काय आहे हे वेळेत, नेमक्या शब्दात सांगितलं गेलं असतं तर किती जगली असती हा विचार माझ्या मनातून जात नाही, आमच्या फॅक्टरीत दर एप्रिलला दोन मिनिटं उभं राहायचो तेव्हा पण हाच विचार यायचा.

पुलगावचं तर सगळ्यांना आठवत असेल. ३१ मे २०१६ ची मध्यरात्र उलटून गेलेली, वर्धा जिल्ह्यातला सैन्याचा सगळ्यात मोठा दारूगोळा डेपो, एका शेडला आग लागली, दोन लष्करी अधिकारी आणि डेपोच्या फायर ब्रिगेडची माणसं आत गेली ती परत आली नाहीत, आगरगावसारख्या आसपासच्या गावांतली माणसं रात्रीच घरं सोडून पळाली. तिथे रणगाड्यांखाली पेरायचे सुरुंग होते, त्यातलं टीएनटी झिरपत होतं असं नंतर पुढे आलं. मग २० नोव्हेंबर २०१८ ला तिथून जवळच सोनेगाव आबाजीला, जुना निकामी दारूगोळा नष्ट करायच्या मैदानावर माल उतरवताना स्फोट, सहा माणसं गेली, त्यात रोजावर आलेली गावातलीच माणसं होती. नगरकडे के. के. रेंजच्या आसपासच्या गावांत भंगारासाठी न फुटलेले गोळे उचलून फोडताना माणसं जातात, अशा बातम्या तुम्हीच छापता. पितळ, तांबं, लोखंड किलोवर विकतं, घरात चूल पेटायची असते, आणि हातात काय आहे हे सांगणारं कोणी नसतं. युक्रेनच्या युद्धात टीव्हीवर रणगाड्याची वरची डोकी उडालेली दिसतात ते पण यातलंच, बुरुजाखाली रचून ठेवलेले गोळे आणि त्यांची दारू आतल्या आत बंद जागेत पेटते, बाहेर पडायला वाट नसते.

म्हणून माझं म्हणणं शब्दांबद्दल आहे. काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला म्हणतात, इतकी शतकं झाली आपल्या तोंडात आहे, पिस्तूल पण त्यांचंच. पुंगळी, टोपी, छर्रा, बार, तोफगोळा, सुरुंग, सगळ्याला आपल्याकडे वेगवेगळा शब्द आहे आणि गावातल्या माणसाला तो कळतो. तरी बातमीत कधी ‘पाच जिवंत गोळ्या’, कधी ‘स्फोटकांचा साठा’, कधी ‘काडतुसांचा स्फोट’. गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त, इथवर ठीक आहे, जिवंत म्हंजे न उडवलेलं. पण ‘काडतुसांचा स्फोट’ वाचलेला माणूस पुढच्या आगीत आवाज ऐकला की पहिल्यांदा पळणार, आणि उलट शेतात सापडलेला तोफगोळा म्हंजे मोठं काडतूसच की, असं समजून घरी उचलून आणणार. दोन्हीकडे माणूसच मरणार. शब्द नेमका असला तर तसं होणार नाही हे मी अनुभवानं सांगतोय.

घराला आग लागली आणि आत परवान्याची बंदूक असली तर बंब बोलवतानाच, १०१ ला फोन करतानाच, सांगा की काडतुसं किती आहेत, कुठल्या खोलीत आहेत, बंदूक कुठे आहे, भरलेली आहे का आणि नळीचं तोंड कुठल्या बाजूला. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. त्या बाजूनं कोणी जायचं नाही. बाकीच्या बाजूंनी दाराखिडक्यांपासून जरा लांब राहून, डोळे आणि तोंड सांभाळून पाणी मारता येतं, जनावरं सोडवता येतात, आत घुसायचं काम फायरमनचं. काडतूस सापडलं तर ठोकायचं नाही, जाळायचं नाही, विहिरीत टाकायचं नाही, पोलीस स्टेशनला कळवायचं. गोळा, बॉम्ब, सुरुंगासारखं काही दिसलं तर हात सुद्धा लावायचा नाही, हलवायचं नाही, लांब जाऊन ११२ ला फोन, बॉम्बशोधक पथक येईपर्यंत गुरं-पोरं तिकडे फिरकू द्यायची नाहीत. 

शेवटी काकींचं. घराच्या पंचनाम्यात आगीचं कारण म्हणून ‘घरातील काडतुसांचा स्फोट’ असं लिहिलं गेलंय, आणि पुरावा म्हणून तुमच्या बातमीचं कात्रण जोडलंय, मी स्वतः फाईल बघितली. आता घराची आणि म्हशीची भरपाई मागायला गेलं की स्फोटक घरात ठेवलं होतं म्हणून कागद परत येतोय, दोन खेपा झाल्या. आग चुलीवरच्या माळ्यावरून लागली हे चाळीस माणसांनी बघितलंय, त्यातली बावीस सही करायला तयार आहेत, त्यात त्या रात्री गडग्याआड बसलेले पण आहेत. पितळेची अठरा बुडं आणि फणसातून काढलेला एक एलजीचा दाणा मी पोलिसांच्या ताब्यात देऊन पोच घेतलीय, तिची झेरॉक्स पत्रासोबत जोडतोय. तुमचे वार्ताहर पुन्हा आले तर फणस दाखवायला मी येईन. बातमी जिल्ह्याच्या पानावर आली होती, खुलासा पण त्याच पानावर छापावा, भरपाईच्या अर्जाची पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे, त्या आधी कात्रण मिळालं तर ते फाईलला लावता येईल.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त दारूगोळा कामगार,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग